साडेबारा गाठी

तो आयुष्यात एकदाही विमानात बसला नाही. मी दोनदा बसलो, एकदा जाताना आणि एकदा येताना. तरी परभणीकडच्या आमच्या पालमच्या बसस्टँडवर आजही विमानाचा विषय निघाला की लोक त्याची आठवण काढतात, माझी नाही. हे मला आवडत नाही, आणि न आवडलेलं लपवायचं वय आता माझं राहिलं नाही.

आम्ही दोघं त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकायची, सही करायची, भोंग्यावर गाडी पुकारायची आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या खायच्या. मी नोकरीला त्याच्याआधी दोन वर्षं लागलो होतो. म्हणून तो मला ‘तुमी’ म्हणायचा, कधी थट्टेनं ‘साहेब’ म्हणायचा, आणि मी त्याला ‘तू’ म्हणायचो. पगार सारखाच, खुर्च्या सारख्याच, पंखा तर दोघांत एकच. मोठेपणा म्हणून माझ्या वाट्याला एवढा ‘तू’च आला होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही.

ड्रायव्हर लोक त्याला पायलट म्हणत. त्याच्या टेबलाखाली पृथ्वीचा एक गोल असे. कुठल्या तरी शाळेनं भंगारात काढलेला, पाय मोडलेला, अरबी समुद्राला पोचा आलेला. पाय नसल्यानं तो तांब्याच्या तोंडावर बसवावा लागे. तांब्या प्यायच्या पाण्याचा, त्यामुळे कुणाला तहान लागली की आधी पृथ्वी उचलून बाजूला ठेवायची.

त्या गोलासोबत एक करदोडा होता. लहान लेकराच्या कमरेला बांधतात तो काळा दोरा, बाजारात बांगडीवाल्याकडून आणलेला. पृथ्वीच्या पोटाचा घेर चाळीस हजार किलोमीटर, एवढं त्यानं पुस्तकात वाचलं होतं. मग गोलाच्या मधोमध करदोडा गुंडाळला, त्याचे चाळीस सारखे भाग केले आणि भागाभागावर गाठ मारली. एक गाठ म्हणजे हजार किलोमीटर. कुणी म्हणालं, अमुक विमानतळाहून तमुक विमानतळ किती लांब, की हा तांब्यावर पृथ्वी बसवायचा, दोन गावांमध्ये दोरा ताणायचा आणि ओठ हलवत गाठी मोजायचा. तासाला नऊशे किलोमीटर धरायचे, चढायला-उतरायला अर्धा तास टाकायचा, आणि मावळतीकडं लांबचं जाणं असेल तर वारा पुढून म्हणून आणखी एक तास. एवढाच त्याचा हिशोब. तो चुकला असं मी कधी ऐकलं नाही, आणि मी कान देऊन होतो.

आमच्या स्टँडसमोर केळीचा गाडा लावणारे एक चाचा हजला निघाले होते. त्यांनी येऊन विचारलं, ‘हैदराबादसे जिद्दा कित्ता दूर पडता जी?’ यानं दोरा ताणला. ‘चार गाठी आन् वर बोटभर. साडेपाच तास. चाचा, आपल्या हितून बसून तुमी संभाजीनगर गाठायच्या आत पोचायलात.’ चाचांचा चेहरा असा खुलला की जणू यानंच त्यांना तिकीट काढून दिलं. हा लांबचा प्रत्येक प्रवास यष्टीच्या मापात आणून द्यायचा. दुबईला निघालेल्या गवंड्याला सांगायचा, ‘परभणीला जाऊन माघारी यायला लागतंय तेवढंच हाय.’ मग त्या गवंड्याची आई डोळे पुसून घरी जायची.

मला पालम-गंगाखेड-परभणी, पालम-लोहा-नांदेड सगळ्या गाड्या तोंडपाठ. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती मिनिटं खाते तेही पाठ. त्यावरच तर त्या लोकांचं रोजचं जाणं-येणं चालायचं. पण पिकतं तिथं विकत नाही. माझ्याकडं कुणी डोळे पुसत आलं नाही.

वेळापत्रकाच्या फळ्यावर लोह्याच्या खाली थोडी जागा रिकामी होती. तिथं एके दिवशी त्यानं खडूनं लिहिलं, ‘मुंबई ते न्यूयॉर्क – १५ तास ३० मि.’ वरून साहेब तपासणीला येणार होते. फळा पुसायला मी सांगितलं नाही. उलट साहेब आले तेव्हा त्यांना मुद्दाम त्याच बाजूनं नेलं. कळ लावली म्हणा ना. साहेब फळ्यापुढं उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘हे कोणी लिहिलं?’ मी बोट दाखवलं. साहेब त्याच्याकडं वळून म्हणाले, ‘माझा मुलगा मेलबर्नला आहे. ते किती पडतं?’

बोलाफुलाला गाठ पडते ती अशी. साहेब अर्धा तास त्याच्या टेबलाशी बसले. ‘मुंबईहून दहा गाठीला जरा कमी. अकरा-साडेअकरा तास,’ हे ऐकून त्यांनी ते वहीत उतरून घेतलं. चहा मी सांगितला.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘नकाशा खोटं बोलतोय, दोरा न्हाई.’ भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला सरळ दिसते. पण गोलावर दोरा ताणला की तो डावीकडं जातच नाही. वर चढतो, बर्फाकडून फिरून पलीकडं उतरतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, ‘दोरा सरकलाय तुझा.’ त्यानं दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. मी ताणला, तर माझ्याही हातात तो वरच गेला.

माझ्या मुलीला हे तिसरीत असताना पटलं होतं. शाळा सुटली की ती डबा घेऊन स्टँडवर यायची. डबा माझा, पण ती बसायची त्याच्या टेबलावर. गोल तिच्या मांडीवर, दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात. घरी आल्यावर मी तिला गणित शिकवायला बसलो की म्हणायची, ‘काका असं नाही सांगत.’ मी काका या शब्दावर फार दिवस रागावून होतो.

पुढं ती शिकली आणि तिला न्यूयॉर्कची नोकरी लागली. मुंबईत माझा धाकटा भाऊ तिला विमानात बसवून देणार होता. तिकिटाचा कागद तिनं मला दाखवला. निघायचं रात्री दीड, पोचायचं सकाळी साडेसात. तारीख एकच. ती सांगायला लागली, ‘बाबा, हे तिथले...’ मी म्हणालो, ‘गाडीची वेळ मला शिकवतेस का?’ अख्खी हयात मी पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करत आलो होतो. सहा तास.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर पेढे वाटले. ‘सहा तासांत अमेरिका,’ प्रत्येकाला सांगितलं. ‘आपल्या इथून संभाजीनगरला लागतात तेवढे.’ बोलायची ही तऱ्हा कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. फळ्यावर तर पंधरा तास तीस मिनिटं लिहिलेलं. एक कंडक्टर हसत त्याला म्हणाला, ‘काय पायलट, तुमचा फळा चुकला का मंग?’ त्यानं माझ्याकडं पाहिलं. हातातला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘साहेबांनी तिकीट डोळ्यानं पाह्यलंय.’ मग ओला फडका घेतला आणि फळ्यावरची ती ओळ पुसून टाकली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

तिसऱ्या दिवशी, विमान उडालं त्या सकाळी, साडेसातला फोन आला नाही. आठला आला नाही. नऊ वाजता बायकोनं देवापुढं दिवा लावला आणि तिथंच बसून राहिली. शेजारणी येऊन बसल्या. कुणीतरी टीव्ही लावला, विमान पडल्याची बातमी बघायला. भावाला फोन केला तर तो म्हणाला, विमान वेळेवर उडालं. त्यानं तर बायको आणखीच रडायला लागली. ‘उडालं, मंग उतरलं का न्हाई? सहा तास म्हणलाव ना तुमी?’ मी पुन्हा भावाला फोन लावला.

दहाच्या सुमारास तो दारात उभा. एका बगलेत पृथ्वी, दुसऱ्या हातात तांब्या. चपला काढून सरळ आत गेला आणि बायकोसमोर फरशीवर बसला.

‘वहिनी, रडू नका. पोरगी खुशाल हाय. तिकिटावर छापायला चुकलं असंल. पोचायची येळ त्यांनी त्यांच्या घड्याळानं छापली. त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं. छापणाऱ्यानं इस्कटून लिहावं का न्हाई? साहेबांनी वाचलं ते बराबरच वाचलं.’

मग त्यानं मुंबईवर दोऱ्याचं टोक धरायला बायकोलाच सांगितलं. दुसरं टोक न्यूयॉर्कवर ठेवलं आणि बोट सरकवत सातव्या गाठीच्या जरा पुढं थांबवलं. ‘आत्ता हितं हाय. नॉर्वेच्या पल्याड, समुद्रावर. खाली बर्फ असंल. अजून साडेपाच गाठी ऱ्हायल्या. संध्याकाळी पाचाला फोन यील.’ बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि त्या निळ्या ठिपक्यावर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दर तासाला ती विचारायची, ‘आता कुठं?’ आणि तो बोट सरकवायचा. त्या दिवशी त्यानं रजा टाकली होती. बायकोनं त्याला जेवायला वाढलं. मला वाढायचं विसरली. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मुलगी आईला म्हणाली, ‘आई, पोचले. काकांना सांग, दोरा बरोबर.’

माणसानं दुसऱ्याची चूक चारचौघांत दाखवली तर राग धरता येतो. यानं माझी चूक माझ्याच घरात, माझ्याच बायकोसमोर झाकून ठेवली. त्याला राग कसला धरणार? मला तो धरायचा होता, म्हणून मी आणखीच जळलो. दुसऱ्या दिवशी स्टँडवर कंडक्टर विचारायला लागला तर हा म्हणाला, ‘छपाईची चूक व्हती.’ फळ्यावर ती ओळ मात्र त्यानं पुन्हा लिहिली नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. पुढं मुलीला दिवस गेले आणि बाळंतपणाला आम्हाला तिकडं जायचं ठरलं. म्हणजे मी विमानात बसणार होतो आणि तो नाही. हे मी पालममध्ये किती जणांना सांगितलं, त्याची गणती नको.

निघायच्या आधी तो घरी आला. बायकोच्या हातात कागदाची पुडी दिली. ‘बाळाला करदोडा हाय.’ मग माझ्याजवळ बसला आणि पहिल्यांदाच त्यानं मला काहीतरी मागितलं.

‘विमानात म्हणं शिटापुढं पडदा असतोय. त्याच्यावर मीटर दावतंय, गाव किती किलोमीटर ऱ्हायलं त्येचं. सुटायच्या आधी आकडा बघता का तेवढा?’

‘मोबाईलवर दिसतं की रे हल्ली सगळं,’ मी म्हणालो.

‘एक मोबाईल येक सांगतोय, दुसरा दुसरंच. आन् मोबाईल बसल्या जागी सांगतोय, माझ्यावानी. तुमी जायलात. गाडीच्या मीटरचं खरं असतंय.’ मग म्हणाला, ‘इतकी वर्षं मोजायलोय. कुणीबी जाऊन आला तर म्हणतो, पायलट, बराबर होतं तुमचं. आकडा कुणी आणला न्हाई. लय दिवसांची इच्छा हाय.’

विमानात माझ्यापुढं खरंच पडदा होता. विमान जागचं हलायच्या आत त्यावर नकाशा आला, नकाशावर वर चढत गेलेली वाकडी रेघ आली आणि खाली किलोमीटर आले. मी आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बायको पट्ट्याशी झटत होती, तिचं लक्ष नव्हतं. भंगारातला गोल, बांगडीवाल्याचा दोरा आणि पालमच्या स्टँडवरची खुर्ची, एवढ्यावर या माणसानं जे मोजलं होतं, तेच माझ्यासमोर इंग्रजी आकड्यात उजळलं होतं. मला वाटलं होतं, विमानात बसल्यावर तरी मी त्याच्या पुढं असेन. पंधरा तास मी त्याच्याच दोऱ्यावरून गेलो.

न्यूयॉर्कच्या विमानतळावर मुलगी पोट सांभाळत उभी होती. आईला मिठी मारली, मला वाकून नमस्कार करायला लागली तर मी तिला थांबवलं. ती म्हणाली, ‘बाबा, काकांचा आत्ताच फोन आला होता. म्हणाले, उतरले बघ, आणि बाबांना घड्याळ बदलायला लाव.’

घरी पोचल्यावर तिनं फोन लावून दिला. ‘आकडा पाह्यलात का?’ त्याचा पहिला प्रश्न.

‘पाहिला,’ मी म्हणालो. ‘तेरा हजार तीनशे.’

हे मी का म्हणालो? त्याच्या शब्दानं माझ्या घरात दिवे लागायचे आणि विझायचे म्हणून. माझ्या लेकीच्या तोंडी बापाच्या आधी काका होता म्हणून. आठशे किलोमीटरनं त्याचं काही बिघडणार नाही, असंही वाटलं असेल. पलीकडं त्यानं तो आकडा एकदा परत म्हणून पाहिला. मग तो म्हणाला, ‘बरं. तुमी डोळ्यानं पाह्यलंय म्हणल्यावर काय. वहिनींना जपा.’

नातू झाला. बाराव्या दिवशी बायकोनं ती पुडी उघडली. काळा करदोडा, आणि त्यावर गाठी. तिनं मोठ्यानं मोजल्या. बारा गाठी आणि शेवटी एक अर्धी, सैल सोडलेली. ‘हे काय गं?’ मुलगी हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आजोळ किती लांब आहे ते बांधून दिलंय काकांनी.’ बाळाला टोचेल म्हणून तो दोरा पाळण्याला बांधला. नातू माझा, आणि पाळण्याला दोरा त्याचा. सहा महिने मी तो पाळणा हलवला. रोज त्या गाठी डोळ्यांसमोर यायच्या.

परत आल्यावर तो भेटायला येईल म्हणून मी धास्तावलो होतो. तो तिसऱ्या दिवशी आला. हातात गोल नव्हता. नातवाचे फोटो पाहिले, चहा घेतला आणि मग अगदी सहज बोलावं तसं बोलला.

‘तुमी सांगितल्यावर नवा करदोडा आणला. मुंबई-न्यूयॉर्क तेरा हजार तीनशे धरून गाठी बांधल्या. आन् तो पृथ्वीच्या पोटाला गुंडाळला. तर साडेबेचाळीस गाठी भरायल्या.’ तो कपाकडं पाहत होता. ‘पृथ्वीचा घेर तर चाळीस. आठ दिवस इचार केला. आपण रिटायर झालो, आपलं पोट सुटलं. तिचं कसं सुटंल?’

बायको आत पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. पेढ्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

‘पडद्यावर चुकलं असंल,’ तो म्हणाला.

‘असेल,’ मी म्हणालो.

पुढं तो वालूरला बहिणीकडं राहायला गेला. फोन यायचा, नातवाचं विचारायचा. आकड्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही; आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत राहिलो. गेल्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच गेला, असं भाच्यानं सांगितलं.

तेरावं झाल्यावर तो भाचा एक पोतं घेऊन घरी आला. पोत्यात पृथ्वी होती. ‘मामा म्हणले व्हते, पालमच्या साहेबांना द्या. आपल्यात त्यांनीच डोळ्यानं पाह्यलंय.’ गोलाच्या पोटाला करदोडा गुंडाळलेला होता. मी खिडकीजवळ नेऊन मोजला. जुनाच होता, चाळीस गाठींचा, हातानं हाताळून गुळगुळीत झालेला. नवा कुठं गेला ते भाच्याला माहीत नव्हतं.

आता ती पृथ्वी माझ्या टेबलावर तांब्यावर बसलेली असते. बायको येता-जाता तिच्यावरची धूळ पुसते, माझ्या चष्म्यावरची पुसत नाही. जळायची सवय जात नाही. माणूस गेला तरी जात नाही. नातू आता बोलतो. परवा व्हिडिओवर त्यानं विचारलं, ‘आजोबा, तुम्ही किती लांब आहात?’ मी गोल पुढं ओढला, दोरा सोडवला, मुंबईवर बोट दाबलं. माझ्या हातातही तो वरच चढला, बर्फाकडं.

पायलट, पडद्यावर बारा हजार पाचशे चाळीस होते. तुम्ही बरोबर होतात.